हिमनदी कमी भरली

माझ्या सख्ख्या मुलीने मला फसवलं. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. त्या गोष्टीला आता सात महिने झाले, आणि सात महिने मी थंड डोक्याने विचार केला आहे. थंड डोक्यानेही उत्तर तेच येतं. जर्मनीतल्या सर्वांत उंच डोंगरावर, पायाला लोखंडी दाते आणि कमरेला दोरी बांधून मी उभी असताना तिने मला फसवलं. तिच्या हातात एक कागद होता. तो माझ्या नातीने लिहिला होता आणि त्यावर माझी स्वतःची सही होती.

सहीचं आधी सांगून टाकते, कारण मला ओळखणारे पहिला प्रश्न तोच विचारतात. तू, आणि न वाचता सही? हो. घरातल्या स्वयंपाकघरात, तेरा वर्षांच्या नातीच्या कागदावर, चहा ओतता ओतता. तिथे कोण सावध असतं?

माझा धंदा बर्फाचा. रत्नागिरीकडच्या एका बंदरात माझा बर्फाचा कारखाना आहे. सुरुवात धक्क्यावर झाली. लाकडी मोगरीने लादी फोडायची आणि कोळणींना पाटीपाटीने चुरा विकायचा. नवरा बर्फाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. तो गेला त्याच्या पुढच्या वर्षी कारखान्याच्या मालकाने कंटाळून टाळं लावलं. मी त्याच्या दारात जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी त्याने किल्ली दिली, ती मी कारखाना चालवावा म्हणून नव्हे, तर मी दारातून उठावं म्हणून. गंजके डबे, खारट पाण्याची गळकी टाकी आणि दम्याच्या रोग्यासारखा धापा टाकणारा कॉम्प्रेसर, एवढं मिळालं. त्यातून पुढचं सगळं मी उभं केलं.

या धंद्यात एकच भांडण असतं आणि ते रोज असतं. लांचवाला, म्हणजे मासेमारीच्या बोटीवाला, लाद्या नेतो, अर्ध्या तासाने परत येतो आणि म्हणतो, "मावशी, लादी कमी भरली." माझं उत्तर ठरलेलं. "माप दारात. दाराबाहेर वितळलं ते तुझं. मी काय करू?" असं म्हणून मी खांदे उडवते आणि पुढच्याला हाक मारते. या तीन वाक्यांवर माझा कारखाना पस्तीस वर्षं उभा आहे. माझी मुलगी ऑफिसच्या खिडकीत बसून शाळेचा अभ्यास करायची आणि हे रोज ऐकायची, हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

मुलगी आता स्टुटगार्टला असते. ती आणि जावई दोघंही गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपन्यांत इंजिनिअर. गेली तीन वर्षं दर रविवारी फोनवर तिचा एकच विषय असतो: कारखाना वीक आणि इकडे ये. कारखान्याच्या जागेवर एकाला समुद्र दिसेल असं हॉटेल बांधायचं आहे. तो माझ्याकडे दोनदा पेढे घेऊन आला. पेढे मी ठेवून घेतले.

मागच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे तीन महिने गेले. चौथ्याच दिवशी सकाळी चहाच्या वेळी तिने विषय काढला.

"आई, तू सहासष्ट वर्षांची आहेस. दिवसभर ओल्या फरशीवर रबरी चपला घालून फिरतेस. एक दिवस घसरशील."

"बर्फावर मी आजपर्यंत घसरलेली नाही. घसरले असेन तर तुझ्या या लाकडी जिन्यावर."

"गुडघ्याचे फोटो पाहिलेत मी."

"माझे गुडघे मी चालवते. फोटो चालवत नाहीत."

जावई शांतताप्रिय माणूस. दोघींचं जमावं म्हणून ते मध्ये बोलले आणि सगळ्याची सुरुवात झाली. "आई, तुम्हाला बर्फाची एवढी आवड आहे, तर इथे खरीखुरी हिमनदी आहे. एका दिवसाची सहल असते. छोटा गट, बरोबर गाईड. त्यावर चालता येतं."

मुलगी जराही थांबली नाही. "चालेल. हिमनदी चालून दाखव. पूर्ण चाललीस तर कारखाना विकायचा विषय मी पुन्हा काढणार नाही. नाही जमलं, तर दिवाळीच्या आत विकायचा आणि इकडे यायचं."

म्हणजे माझ्या कारखान्याचा निकाल एका दिवसाच्या चालण्यावर. मी कपात चहा ओतेपर्यंत विचार केला आणि हो म्हटलं. मग आम्ही घासाघीस सुरू केली.

तिचं म्हणणं, स्टेशनपासून स्टेशनपर्यंत पूर्ण सहल. मी म्हटलं, फक्त बर्फ. ती म्हणाली, बर्फ आणि आजूबाजूचे दगड. मी म्हटलं, दगड मी विकत नाही, दगड मोजायचे नाहीत. मोजायचं ते बर्फाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती म्हणाली, मग कुणाचा हात धरायचा नाही. मी म्हटलं, हात नाही, पण दोरी सगळ्यांना असते ती मलाही हवी. ती म्हणाली, दोनदाच थांबायचं. मी म्हटलं, गाईड थांबला तर ते थांबणं माझ्या नावावर लावायचं नाही. ती एकेक मुद्दा सोडत गेली आणि मी मनात हसत होते. बर्फावरचा सौदा माझ्याशी! एवढ्या सहज ती सोडते आहे म्हणजे तिच्या पिशवीत काहीतरी आहे, हे बाहेरच्या माणसाच्या बाबतीत मला तेव्हाच कळलं असतं.

नात टेबलाच्या टोकाला बसून ऐकत होती. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. तिने कोरा कागद काढला, वर मोठ्या अक्षरात 'फेरट्राग' म्हणजे करार असं लिहिलं आणि पट्टीने त्याखाली रेघ मारली. मग कलमं लिहिली. मग सहलीच्या माहितीपत्रकातला हिमनदीचा फोटो कापून खाली चिकटवला, त्यावर लाल पेनाने एक रेघ ओढली आणि बाजूला 'आनलागे १' लिहिलं. शेवटी शाळेच्या वह्यांवर मारायचा घुबडाचा शिक्का मारला. शिक्क्याशिवाय त्या देशात कागदाला कुणी कागद म्हणत नाही, हे मुलांनाही माहीत असतं.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"तू म्हणालीस तेच, आई," मुलगी म्हणाली. "खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत."

मी सही केली. चित्राबद्दल मी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. नातीने हौसेने चिकटवलंय, शोभेला आहे, असं मला वाटलं. आनलागे म्हणजे जोडपत्र, आणि तेही करारातच धरलं जातं, हे मला डोंगरावर कळलं.

मग मी तयारीला लागले. स्टुटगार्ट हे चढांचं शहर आहे आणि तिथे घरांच्या मधून वर जाणारे दगडी जिने आहेत. रोज सकाळी दोन पिशव्यांत बटाटे भरून मी एक जिना चढायची आणि तेच बटाटे घेऊन उतरायची. आठवड्याने एका म्हाताऱ्या जर्मन बाईंनी मला थांबवलं आणि खुणेने विचारलं की घर सापडत नाही का. मी मान हलवली तर त्यांनी माझी एक पिशवी उचलली आणि मला वर नेऊन सोडलं. मी त्यांना टाटा केलं आणि त्या वळल्यावर परत खाली उतरले. त्या खिडकीतून बघत होत्या. नंतर कधी त्यांनी मला थांबवलं नाही.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी पहाटे आम्ही निघालो. गाडी जावयांनी चालवली, पण वर ते आले नाहीत. डोंगराच्या पायथ्याला एक तळं आहे, तिथे ते थर्मास घेऊन बसले. त्यांना उंचीचा त्रास होतो, आणि आम्हा दोघींच्या मध्ये उभं राहण्याचा त्याहून जास्त.

वर दातेरी चाकांची रेल्वे जाते, डोंगराच्या पोटातून. बाहेर आल्यावर गाईड उभा होता. पन्नाशीचा, काटक, उन्हाने नाक सोललेला. गट खरोखरच छोटा होता: आम्ही तिघी, आणि हॅम्बर्गचं एक निवृत्त जोडपं. त्यातले आजोबा मासळीबंदरात हिशेबनीस होते, हे मुलीने मला सांगितलं. आजींच्या पाठपिशवीत सँडविचं होती आणि त्या दर वीस मिनिटांनी एक उघडायच्या.

अर्धा तास दगडांतून चालल्यावर गाईडने सगळ्यांच्या बुटांना लोखंडी दाते बांधले. मी म्हटलं, मला नकोत, मी पस्तीस वर्षं बर्फावर रबरी चपलांत चालते. नातीने सांगितलं. तो म्हणाला, दात्यांशिवाय नाही. माझं मराठी नात त्याला सांगत होती आणि त्याचं जर्मन मुलगी मला. मी म्हटलं, एका पायाला बांधा. तो हसलासुद्धा नाही, खाली बसला आणि दोन्ही पायांना बांधून मोकळा झाला. मग त्याने सगळ्यांना बर्फावर चालायचं शिकवलं. पूर्ण तळवा टेकवा, गुडघे जरा वाकवा, पायाकडे बघू नका, पुढे बघा.

"त्याला सांग," मी नातीला म्हटलं, "हे मी माझ्या कामगारांना पहिल्या दिवशी सांगते. आणि लादी ओढताना अंग मागे टाकू नका, हेही सांगते. ते हा विसरला."

तिने सांगितलं. गाईडने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "गेनाऊ," तो म्हणाला. म्हणजे अगदी बरोबर.

चार पावलं पुढे जाऊन तो थांबला. मी विचारलं, "हिमनदी कुठे आहे?"

"आजी, समोर," नातीने बोट दाखवलं.

समोर मला आधी राखेचा ढीग दिसला. करडा, दगडधोंड्यांनी भरलेला, खालून पाणी गळतंय. खरं सांगते, असा माल मी धक्क्यावर कुत्र्यालाही दाखवला नसता. पण धंद्यात वरून बघून माल नाकारायचा नसतो. मी खाली बसले, गाईडच्या हातातला छोटा टिकाव घेतला आणि वरचा थर खरवडला. आतून जो बर्फ निघाला तो मी तळहाताने पुसून पाहिला. 

निळा बर्फ. माझ्या डब्यातल्या लादीला मध्ये पांढरा गाभा असतो, गोठताना पाण्यात कितीही हवा सोडली तरी थोडा राहतोच. इथे गाभा नाही. टिकावाचा दांडा आपटला तर आवाज ठोस, कुठे पोकळ नाही. मी एक तुकडा तोंडात टाकला. गाईड ओरडला, पण तोवर चव कळली होती: कसलीच चव नाही. बर्फाची यापेक्षा मोठी स्तुती मला येत नाही. हॅम्बर्गच्या आजोबांनी एक तुकडा आपल्या कपातल्या गार चहात टाकला तर तो तडतडला, तव्यावर मोहरी टाकावी तसा. आत दाबून भरलेली जुनी हवा सुटते, असं गाईड म्हणाला. आजोबा कप कानाला लावून उभे राहिले. मग त्यांनी तो मला दिला. मीही कानाला लावला.

गाईडने आम्हाला एका दोरीला बांधलं. पुढे तो, मागे मी, माझ्यामागे मुलगी, मग नात, मग हॅम्बर्ग. मी चालू लागले आणि सांगायला संकोच नाही, मला घरी आल्यासारखं वाटलं. बटाट्यांनी काम केलं होतं. वाटेत एक भेग आली, हातभर रुंद. तिच्यातून थंड वाफ येत होती, माझ्या बर्फाच्या खोलीचं दार उघडल्यावर येते तशी. मी वाकून आत पाहिलं, एक पाऊल टाकलं आणि पलीकडे गेले. मागे दोरीला हिसका बसला. मुलगी गुडघ्यावर बसली होती.

"घसरलीस?" मी विचारलं.

"लेस बांधतेय."

"दात्यांच्या बुटाला लेस कुठे दिसतेय?"

"आई, पुढे बघ आणि चाल."

मी एकदाही थांबले नाही. गाईड दोनदा थांबला, ते कराराप्रमाणे त्याच्या नावावर. आणि मग अजून पाऊण तासही झाला नसेल, समोर पुन्हा दगड आले. बर्फ पातळ होत होत दगडांच्या खाली शिरला आणि संपला. गाईडने टिकाव रोवला. हे वरचं टोक, तो म्हणाला.

मी वळले, दोन्ही हात वर केले आणि माझ्या कारखान्याच्या भोंग्यासारखा आवाज काढला. "चालले! या टोकापासून त्या टोकापर्यंत! विषय संपला! हॉटेलवाल्याला सांग, दुसरीकडे समुद्र बघ!"

मुलीने शांतपणे जाकिटाची चेन उघडली. आतून करार काढला. तिने त्याला प्लास्टिकचं पारदर्शक आवरण घातलं होतं, म्हणजे भिजेल याचीही सोय केली होती.

"आनलागे एक," ती म्हणाली.

नातीने फोटो डोंगरासमोर धरला. फोटोत मागची खिंड होती, समोरही तीच खिंड होती. पण फोटोतला पांढरा पट्टा थेट त्या खिंडीच्या पायथ्यापर्यंत गेला होता, आणि लाल रेघही तिथपर्यंत. आम्ही उभ्या होतो ती जागा रेघेच्या निम्म्याच्याही खाली. आमच्या आणि खिंडीच्या मध्ये नुसता दगडांचा उतार, आणि अगदी वर, मळक्या फडक्यासारखा बर्फाचा एक तुकडा चिकटलेला.

गाईडने फोटो पाहिला. "हा जुना आहे," तो म्हणाला. "मी या कामाला लागलो त्या सुमाराचा. तेव्हा इथे आपल्या डोक्यावरून बर्फ होता. आपण आत्ता उभे आहोत ते त्याच्या पोटात."

"आणि तो वरचा तुकडा?" मुलीने विचारलं.

"तो आता हिमनदी नाही. तुटला. त्याला वरून काही मिळत नाही, खाली काही देत नाही. नुसता पडून आहे."

"ऐकलंस?" मी म्हटलं. "तो माणूस स्वतः सांगतोय. हिमनदी इथे संपली. मी पूर्ण चालले."

"करारातली हिमनदी तिथे संपते," मुलगी म्हणाली. "तू निम्मीही चालली नाहीस."

"मग बाकीची कुठे आहे? दाखव, चालते!"

"वितळली. त्याला मी काय करू?"

"हे बघ, माप दारात! मी आज पाय ठेवला, तेव्हा जेवढी होती तेवढी माझी. तेवढी मी चालले."

मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की ती या वाक्याची वाट बघत होती. कदाचित चहाच्या टेबलापासून. कदाचित शाळेत असल्यापासून.

"माप दारात म्हणजे काय, आई? सौदा झाला तिथे. सौदा माझ्या स्वयंपाकघरात झाला, चित्र बघून झाला. त्यानंतर वितळलं ते घेणाऱ्याचं. आणि हा सौदा घेणारी तू."

 लांचवाल्यांना पस्तीस वर्षं यावर उत्तर सुचलं नाही, त्यांच्याबद्दल मला पहिल्यांदा वाईट वाटलं. राग इतका आला की पायाखालचा माल वितळायला हवा होता. आणि त्याच रागात एक गोष्ट कुठेतरी खुपली: ही हे कारखान्याच्या खिडकीत बसून शिकलीय, आणि माझ्यापेक्षा चांगलं शिकलीय. असली मुलगी कारखान्यात बसायची सोडून गाड्यांचे भाग काढतेय.

एव्हाना हॅम्बर्गला चैन पडेना. काय चाललंय, त्यांनी विचारलं. नातीने सगळं सांगितलं, कारखाना, हॉटेल, घुबडाचा शिक्का. आजोबांनी वाचायचा चष्मा काढला, करार हातात घेतला आणि वाऱ्यात उभं राहून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"जोडपत्र हा कराराचा भाग असतो," ते म्हणाले.

"फोटो हा फक्त अंदाज द्यायला असतो," आजी म्हणाल्या आणि सँडविचचा कागद उलगडला. "हॉटेलच्या फोटोत कशी मोठी खोली दिसते!"

"रेघ आहे त्यावर. लाल रेघ."

"लहान मुलीच्या हातची रेघ!"

"शिक्का आहे."

"घुबडाचा!"

दोघं भांडू लागले. त्यांचं भांडण जुनं असावं, नुसतं नवीन कागदावर आलं होतं. ते ऐकत असताना माझ्या मनात आलं, वाद कशाला? तो वरचा तुकडा दिसतोय. दगड करारात नाहीत, पण त्यांच्यावरूनही जाईन. आणि मी निघाले.

दोरी मी विसरले होते. चार पावलांत मुलगी ओढली गेली, तिच्यामागे नात, नातीमागे हॅम्बर्ग. आजींचं सँडविच हातातून उडालं आणि उतारावरून घरंगळत गेलं. गाईड ओरडला, "हाल्ट!" एवढ्या मोठ्याने मी फक्त कारखान्यातला अमोनिया वायू गळला तेव्हा ओरडले आहे. त्याच क्षणी वरून माठाएवढा एक दगड सुटला, टणाटण उड्या मारत आला आणि आमच्यापासून वीस हातांवरून खाली गेला.

 मुलीने माझा दंड धरला होता. हात धरायचा नाही, हे कलम तिच्याच तोंडचं. मी आठवण करून दिली नाही, दंडही सोडवून घेतला नाही.

"हा उतार दगड सोडतोय," गाईड म्हणाला. "पूर्वी बर्फाने धरून ठेवला होता. तिथे कुणीही जाणार नाही."

"पंधरा मिनिटं," मी म्हटलं.

"नाइन."

जर्मनमध्ये नाइन म्हणजे नाही. "दहा. एकटी जाते."

"नाइन."

"पाच. नुसता पाय लावून येते."

"नाइन."

आयुष्यात मला पहिला माणूस भेटला, ज्याने दुसरा आकडा सांगितलाच नाही.

उतरताना मी त्याच्या मागेच होते.  खाली पोचल्यावर नातीला म्हटलं, त्याला विचार, एवढा माल गेला कुठे? जबाबदार कोण?

त्याने खांदे उडवले. "वितळलं," तो म्हणाला. "मी काय करू?"

माझी वाक्यं होती. माझे खांदे होते. फक्त ते त्याने रागाने म्हटलं नाही. नंतर तो बराच वेळ मागे वळून वर बघत राहिला, माल उतरवून घेतल्यावर लांचवाला रिकाम्या जागेकडे बघतो तसा. मग म्हणाला की एके काळी इथे उन्हाळ्यात बर्फाचा एक भाग पांढऱ्या कापडाने झाकायचे. थोडा फरक पडायचा, मग सोडून दिलं.

"कापडाने काय होतंय!" मी म्हटलं. "गोणपाट लागतं, आणि त्याखाली लाकडाचा भुसा. भुसा कोरडा हवा. आणि खालचं पाणी वाहून जायला वाट ठेवायची, नाहीतर बर्फ आपल्याच पाण्यात बसतो आणि लवकर जातो." मी त्याला दहा मिनिटं सगळं समजावलं. नात थकेपर्यंत भाषांतर करत होती. तो मन लावून ऐकत होता, मध्ये मध्ये गेनाऊ म्हणत होता. शेवटी त्याने विचारलं, असा झाकलेला बर्फ किती टिकतो?

मला खोटं बोलता आलं असतं. "धक्क्यावरून बाजारापर्यंत," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि माझ्या पायांचे दाते सोडले.

तळ्याकाठी जावयांनी हसून विचारलं, "मग, कोण जिंकलं?" त्या माणसाचं वाईट वाटतं मला. स्टुटगार्टपर्यंत आम्ही दोघी एकाच वेळी बोलत होतो. घरी पोचल्यावर नातीने 'आनलागे २' काढलं: निकाल राखून ठेवला आहे, पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा चालायचं, हिमनदी त्या दिवशी असेल तेवढी धरायची, त्याच दिवशी काढलेला फोटो लावायचा. या वेळी मी प्रत्येक ओळ दोनदा वाचून घेतली, मग सही केली. शिक्का मारता मारता ती मराठीत बोलली. तिच्या तोंडून पूर्ण मराठी वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"आजी, गाईड म्हणाला ती दर वर्षी छोटी होते. तू नुसती थांब. ती संपली की तू जिंकलीस."

एवढ्या वर्षांत पहिलं मराठी वाक्य, आणि तेही असलं.

तेव्हापासून मी बंदरावर आहे. कारखाना चालू आहे. हॉटेलवाला पुन्हा पेढे घेऊन आला, त्याला सांगितलं, प्रकरण जर्मनीत प्रलंबित आहे. गेल्या आठवड्यात एक लांचवाला परत आला. "मावशी, लादी कमी भरली." मी तोंड उघडलं आणि ती तीन वाक्यं बाहेर येईनात. मी कामगाराला म्हटलं, त्याला अर्धी लादी दे. कामगार लादी ओढायचा आकडा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला, मी आजारी आहे की काय म्हणून. लांचवाल्याने तर लादी दोनदा उलटून पाहिली, काही खोट आहे का म्हणून.

मी सहलीच्या कचेरीला जावयांकरवी पत्र पाठवलं, की तुमच्या माहितीपत्रकात दाखवलेला माल जागेवर नाही. उत्तर नम्र आलं. सोबत नवीन माहितीपत्रक होतं. त्यात हिमनदीचा फोटो काढून टाकला आहे आणि गाईडचा हसरा फोटो घातला आहे.

हे उत्तर मला चालत नाही. आणि नातीने सांगितलं तसं थांबून, शून्यावर चालून, मला कारखाना जिंकायचा नाही. मला दाखवली तेवढी हिमनदी हवी, लाल रेघेपर्यंत. ती चालायला मी आजही बटाटे घेऊन पाण्याच्या टाकीचा जिना चढते. ज्यांच्या ताब्यात हा माल होता, ज्यांच्या दारात त्याचं माप व्हायला हवं होतं, त्यांनी पुढे यावं आणि सांगावं: उरलेला बर्फ कुठे आहे? कुणी नेला? माझा कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालतो आणि त्याची वीज कोळसा जाळून बनते हे मला ठाऊक आहे. तेव्हा त्यातला माझा वाटा माझ्या नावावर लावा, मी नाही म्हणत नाही. पण बाकीच्यांची नावं कुठे आहेत? ती कुणीतरी लिहून द्या, जोडपत्रासकट. आणि खांदे उडवू नका. ती चाल माझी आहे, मी ओळखते.